झिजलेली पाती

नागपूरच्या कार्यशाळेत ते इंजिन उघडलं तेव्हा हेमांगी ठोसर तिथे होती, हा निव्वळ योगायोग. ती पुण्याहून आली होती मुलीला भेटायला. कृत्तिकाचं विमान यायला उशीर होता, म्हणून वेळ काढायला ती आपल्याच कंपनीच्या शेडमध्ये शिरली. तिथल्या पोरांनी एका 'पारवा' विमानाचं डावं इंजिन पुढून मोकळं केलं होतं. एका सेन्सरची वायर बदलायची होती, एवढंच काम होतं.

हेमांगीने सवयीने आत टॉर्च मारला आणि तो हलवायचं ती विसरून गेली.

कॉम्प्रेसरची पाती उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. पुढच्या कडा बोथट झाल्या होत्या आणि टोकं खाल्ली गेली होती. पृष्ठभागावर तांबडी धूळ इतकी घट्ट बसली होती, की तिने नख लावलं तरी निघाली नाही. शेजारच्या पडद्यावर मात्र याच इंजिनाची प्रकृती हिरव्या अक्षरांत लिहिली होती : उत्तम.

"हे इंजिन काल उडालंय?" तिने विचारलं.

"आज सकाळी पण उडलं ना मॅडम," एक मुलगा म्हणाला. "काहीच कंप्लेंट नाही याची. एकदम मख्खन चालते."

हेमांगी तिथल्याच एका स्टुलावर बसली. हे इंजिन तिनेच घडवलं होतं. त्यामुळे या पात्यांवर ते मख्खन चालत असेल, तर ते कशाच्या जोरावर चालतंय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

जेट इंजिनाच्या पुढच्या भागात कॉम्प्रेसर असतो. पात्यांच्या एकामागे एक रांगा बाहेरची हवा आत ओढतात आणि दाबत दाबत मागे नेतात. अडचण अशी, की हवेसाठी हा प्रवास चढणीचा असतो. कमी दाबाकडून तिला जास्त दाबाकडे जायचं असतं आणि तिची स्वाभाविक ओढ असते नेमकी उलटी. पात्यांच्या मधून वाहणारी हवा वेगाच्या जोरावर ही चढण चढते. पात्याला चिकटलेला पातळसा थर मात्र घासून घासून आधीच दमलेला असतो. चढण फार झाली, की हा थर थबकतो, उलटा फिरतो आणि पात्याचा पृष्ठभाग सोडून देतो. एका पात्यावर हे झालं की शेजारच्यावर होतं. बघता बघता अख्खी रांग निकामी होते आणि मागे कोंडलेली हवा तोफेसारखा आवाज करत पुढून बाहेर पडते. इंजिनाला ठसका लागतो. असा ठसका लागू नये म्हणून पूर्वीची इंजिनं या कड्यापासून बरीच लांब राहून चालवत. त्यासाठी पात्यांच्या जादा रांगा घालाव्या लागत, आणि इंजिन जड होई.

हेमांगीने त्या दमलेल्या थरालाच हात दिला होता. पात्यांवर आणि त्यांच्याभोवतीच्या कवचावर तिने धातूच्या केसाएवढ्या पट्ट्या बसवल्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये चिनीमातीसारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा. पट्ट्यांना काही हजार व्होल्टचा झपाट्याने उलटसुलट होणारा दाब दिला, की तिथली हवा फुटून तिचा प्लाझ्मा होतो. अंधारात पाहिलं तर कडेकडेने जांभळी रेघ दिसते. प्लाझ्मातले विद्युतभारित कण शेजारच्या हवेला हलका धक्का देतात. तेवढ्या धक्क्याने दमलेला थर पुन्हा चालू लागतो. यात हलणारा भाग एकही नाही. हवा पृष्ठभाग सोडायच्या बेतात आहे हे सेन्सरना तिच्या कुजबुजीवरून कळतं आणि संगणक व्होल्टेज वाढवतो.

या शोधामुळे इंजिन निम्म्या वजनाचं झालं आणि त्यातून पारवा जन्माला आला. मुरमाच्या आखूड धावपट्टीवरून उडणारं, नऊ माणसांचं छोटं जेट. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचा आहे. तिथून नागपूरला रुग्ण न्यायचा तर पूर्वी सगळा दिवस रस्त्यात जायचा. आता पाऊण तास लागे. 'पारवा आला' म्हटलं की तिकडच्या गावांत माणसं हातातलं काम टाकून वर बघत.

आणि तिकडच्याच धावपट्ट्यांवरची, खाणींची तांबडी धूळ गेली चार वर्षं ही पाती खात होती. पूर्वीचं इंजिन इतकं झिजलं असतं तर केव्हाच ठसकलं असतं आणि माणसांनी ते उतरवून ठेवलं असतं. या इंजिनाला ठसका लागूच शकत नव्हता. पाती झिजली, की संगणक थोडं व्होल्टेज वाढवी. आणखी झिजली, की आणखी वाढवी. हवा नीट वाहते आहे ना, एवढंच तो बघत होता आणि हवा तर उत्तम वाहत होती.

हेमांगी उठली आणि तिने कार्यशाळेतली आणखी दोन इंजिनं उघडायला लावली. दोन्ही तशीच निघाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्तिका तिला धरमपेठेतल्या एका टपरीवर तर्री पोहे खायला घेऊन गेली. वडील गेल्यापासून दोघीच होत्या. आईच्या इंजिनावर उडायचं हे पोरीने बारावीतच ठरवलं होतं, आणि गेली दोन वर्षं ती पारवा चालवत होती, तोही बहुतेक रुग्णांसाठी.

"कृतू, या आठवड्यात रजा घे," हेमांगी म्हणाली.

"का? तू राहणारेस?"

"राहीन."

कृत्तिकाने चमचा खाली ठेवला. "आई, तुला खोटं बोलता येत नाही. काय झालंय?"

हेमांगीने सांगितलं. झिजलेल्या पात्यांवर आता फक्त प्लाझ्माच हवा धरून आहे. आणि प्लाझ्माचा एक शत्रू आहे, पाणी. पट्ट्या ओल्या झाल्या की तो क्षणभर विझतो. नव्या पात्यांचं इंजिन हा क्षण सहज निभावून नेतं. या पात्यांचं नेणार नाही. फेब्रुवारी आहे, केव्हाही गारपीट होईल. इंजिनात गेलेली गार म्हणजे पाणीच. दोन्ही इंजिनं एकाच ढगात असतात, त्यामुळे दोन्ही एकदमच जातील.

कृत्तिकाने बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "मी रजा घेतली तर सिरोंच्याची फेरी रद्द होईल?"

"नाही. कुणीतरी दुसरं जाईल."

"कोण?"

"ते मला काय माहीत?"

"मला माहितीये. तनवीर जाईल. त्याची आई कामठीला असते, शिवणक्लास चालवते. तिला इंजिनातलं काही कळत नाही, म्हणून ती त्याला रजा घ्यायला सांगणार नाही."

कालपासून हेमांगीच्या मनात एकच विचार घोळत होता, कृत्तिकाला खाली कसं ठेवायचं. त्याच्या पुढचं तिने काही पाहिलंच नव्हतं.

"थांबवायचं तर सगळी थांबव," कृत्तिका म्हणाली. "नाहीतर मला उद्या सकाळी जायचंय."

*

श्रीपाद संझगिरी कंपनीचा प्रमुख होता आणि हेमांगीचा कॉलेजपासूनचा मित्र. पहिली जांभळी रेघ पेटली तेव्हा प्रयोगशाळेत दोघंच होती. दोन दिवसांनी पुण्यात, तिने काढलेले पात्यांचे फोटो त्याने शांतपणे पाहिले.

"मला यात शोधाचं यश दिसतं," तो म्हणाला. "एवढी झिजलेली पाती, आणि विमान उडतंय."

"ओल्या हवेत नाही उडणार."

"चार वर्षांत एकदा तरी पडलंय?"

"आधी पाती बरी होती, श्रीपाद. पुण्याच्या चाचणीकक्षात मी हीच पाती बसवून पाण्याचा फवारा मारला. पहिल्या दोन वेळा इंजिन सावरलं. तिसऱ्या वेळी ठसकलं आणि परत सुरूच झालं नाही."

"म्हणजे दोनदा सावरलं."

"तू यात बसशील?"

"बसतो की. दर महिन्याला बसतो." त्याचा आवाज चढला नाही. "नवी पाती घडवून यायला पावसाळा उजाडेल. तोपर्यंत सगळी विमानं खाली ठेवायची? गेल्या वर्षी या विमानांनी किती माणसं जिवंत नागपूरला आणली ते तुला ठाऊक आहे. ती माणसं रस्त्याने गेली असती तर काय झालं असतं, तेही ठाऊक आहे. तू एका कदाचित घडणाऱ्या अपघातासाठी नक्की होणारे मृत्यू पत्करायला सांगते आहेस."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

"एक विचारू?" संझगिरी म्हणाला. "कृत्तिका पारव्यावर नसती तर तू इतकी घाई केली असतीस?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

त्या काळी कायद्याने रचनाप्रमुखाला एक अधिकार दिला होता. आपल्या यंत्रावरची उड्डाणयोग्यतेची सही तो मागे घेऊ शके. हेमांगीने त्याच दुपारी सही मागे घेतली. संध्याकाळपर्यंत सगळे पारवे जमिनीवर आले.

*

आठवड्याभरात व्यंकटी नावाचा एक गवंडी सिरोंच्याजवळ पाण्याच्या टाकीवरून पडला. डोक्याला मार होता. रुग्णवाहिका त्याला घेऊन निघाली आणि आलापल्लीच्या अलीकडच्या जंगलात तो गेला. बायको सोबत होती. तिने एका वार्ताहराला सांगितलं, "विमान उभं होतं म्हणे. मग आलं का नाही?"

ते वाक्य राज्यभर फिरलं. जिल्ह्यात मोर्चे निघाले. हेमांगीचा फोटो चौकाचौकांत लागला. खाली लिहिलं होतं : पुण्यात बसून आमचा पारवा मारणारी बाई. तिला आलेल्या फोनवरच्या शिव्यांचं तिला फार वाटलं नाही. पण कृत्तिका फोन उचलत नव्हती. तिचा एक निरोप तेवढा आला : 'तू बरोबर केलंस हे मला पटतं. पण सध्या बोलू नकोस.'

दबाव वाढला तसा मंत्रालयाने मधला मार्ग काढला. नेहमीची उड्डाणं बंदच राहतील. जीव वाचवण्याचा प्रश्न असेल तेव्हा मात्र वैमानिकाने धोका समजून घेऊन, स्वतःच्या मर्जीने उडायला हरकत नाही. संझगिरीला ही तोड आवडली. हेमांगीने विरोधाचं पत्र पाठवलं, त्याला पोच आली. मग ती बॅग भरून नागपूरला गेली आणि कंपनीच्या नियंत्रण कक्षात एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू लागली. तिला तिथे कुणी बोलावलं नव्हतं. उठवायची हिंमतही कुणी केली नाही.

*

सम्मक्का दुर्गे बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. सिरोंच्याच्या डॉ. मडावींनी होतं तेवढं रक्त चढवलं, हाताने दाबून धरलं आणि शेवटी फोन लावला. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, रस्त्याने ती पोचणार नाही.

तो फोन कृत्तिकाने घेतला. ठेवल्यावर ती नियंत्रण कक्षात आली. कितीतरी दिवसांनी दोघी समोरासमोर आल्या होत्या.

"मी निघालेय," ती म्हणाली. "अडवणार?"

हेमांगीने खिडकीतून बाहेर पाहिलं. दुपार लख्ख होती, पण नैर्ऋत्येला ढगांची कड दिसत होती. कुठलीही आई म्हणेल ते शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते आतच ठेवले.

"नाही," ती म्हणाली. "बस. ते इंजिन जिवंत कसं ठेवायचं ते सांगते."

कृत्तिका बसली.

"धोका प्लाझ्मा नसण्याचा नाहीये. तो एकाएकी जाण्याचा आहे. इंजिन जोरात असताना गेला तर सगळी पाती एकदम हवा सोडतात. कमी जोरावर चालणाऱ्या इंजिनाला प्लाझ्मा लागतच नाही, झिजलेल्यालासुद्धा. म्हणून गारा दिसल्या तर ढगात शिरायच्या आधी थ्रॉटल मागे घे आणि प्लाझ्मा तुझ्या हाताने बंद कर."

"संगणक बंद करू देत नाही."

"उजव्या सीटच्या मागे फ्यूजचं झाकण आहे. वरचे दोन तांबडे. ओढून काढायचे. मग थ्रॉटल पुढे सारायचा मोह झाला तरी सारायचा नाही. इंजिन देईल तेवढंच घ्यायचं. विमान खाली येत राहील. येऊ दे."

"किती खाली?"

"ते मी सांगू शकत नाही, कृतू."

कृत्तिकाने मान डोलावली आणि ती निघून गेली. जाताना वळून पाहिलं नाही.

जाणं निर्विघ्न झालं. सम्मक्का, तिचं बाळ आणि डॉ. मडावी यांना घेऊन पारवा परत फिरला तोवर वर्धा नदीच्या बाजूने ढग चढले होते. चंद्रपूर मागे पडलं आणि रडारवर वरोऱ्यापासून उमरेडपर्यंत तांबडा पट्टा उमटला. थोड्याच वेळात मागे चंद्रपूरवरही तसाच डाग पसरला.

"वळसा घालता येईल?" नियंत्रकाने विचारलं.

"येईल, पण डॉक्टर म्हणतात तेवढा वेळ नाहीये." कृत्तिकाच्या आवाजाच्या मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं. "आई आहे का तिथे?"

हेमांगीने माइक घेतला. "आहे."

"समोर पांढरं दिसतंय. पाच एक मिनिटांत आत असेन."

"थ्रॉटल मागे घे. हळू."

"घेतला."

"आता फ्यूज."

"माझा हात पोचत नाहीये. डॉक्टर, मागे ते झाकण... नाही, त्याच्या वरचं. तांबडे दोन. ओढा. जोरात ओढा!"

मग डॉ. मडावींचा दमलेला, अगदी जवळून आलेला आवाज : "निघाले. दोन्ही माझ्या हातात आहेत. पुढं काय करू?"

"तुम्ही पेशंटकडे जा," हेमांगी म्हणाली. "कृतू, इंजिन कसं वाजतंय?"

"घरघरतंय. असं कधी ऐकलं नव्हतं."

"तो त्याचा खरा आवाज आहे. घाबरू नकोस."

त्यानंतर पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज नियंत्रण कक्षात भरून राहिला. त्यात कृत्तिका उंची सांगत होती आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा लहान होता. हेमांगीच्या शेजारी संझगिरी येऊन उभा राहिला होता, केव्हा ते तिला कळलं नाही.

धाड! पाठोपाठ आणखी दोनदा.

"उजवं ठसकलं," कृत्तिका ओरडली. "आई, उजवं गेलं! डाव्याला जोर देऊ?"

विमान अर्ध्या ताकदीवर गारांमधून खाली येत होतं. कोणत्याही वैमानिकाचा हात आपोआप थ्रॉटलकडे जाईल आणि त्याला तो पुढे सारावासा वाटेल. हेमांगीने डोळे मिटले. झिजलेल्या पात्यांवरून कशीबशी चढणारी हवा तिला दिसत होती.

"नको. आहे तिथेच ठेव."

"खाली शेतं दिसतायत!"

"दिसू देत. त्याला हात लावू नकोस. उजवं बंद कर, नाक जरा खाली घे, वेग टिकव."

उत्तर आलं नाही. खडीचा आवाज तेवढा चालू होता. मग तो विरळ झाला आणि थांबला. उमरेडच्या अलीकडे संत्र्यांच्या बागांवरून, माणसांनी खाली वाकावं इतक्या खालून तो पारवा गारांबाहेर आला. डावं इंजिन घरघरत होतं. कोरड्या हवेत त्याच एका इंजिनावर कृत्तिकाने विमान नागपूरला उतरवलं.

सम्मक्काचं ऑपरेशन झालं आणि ती वाचली. विमानातून उतरल्यावर कृत्तिका चाकाला टेकून खाली बसली. हेमांगी धावत तिच्यापाशी गेली आणि तीही तिच्याशेजारी डांबरावर बसली. कृत्तिकाचा उजवा हात अजून मुठीसारखा वळलेला होता आणि हेमांगी त्याचं एकेक बोट सोडवत होती.

*

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी हेमांगीला आपण काय करून बसलो ते समजलं.

सगळीकडे कृत्तिकाचे फोटो होते. मायलेकींनी पारवा परत आणला. सिरोंच्याला मिरवणूक निघाली. मंत्रालयाने नागपूरला चौकशी समिती बसवली, आणि तिच्यापुढे सर्वांत ठाम कुणी बोललं असेल तर ते संझगिरी.

"हेमांगी ठोसर यांची शंका रास्त होती," तो म्हणाला. "पण त्यावरचा उपायही त्यांनीच दाखवला आहे. फ्यूज काढायचा आणि जोर कमी ठेवायचा. आम्ही फ्यूजच्या जागी बटण देऊ. वैमानिकांना हे तंत्र शिकवू. नवी पाती येईपर्यंत तातडीची उड्डाणं वैमानिकाच्या मर्जीने चालू राहू द्यावीत. ती शक्य आहेत, हे खुद्द त्यांच्या कन्येने सिद्ध केलंय."

हेमांगी बोलायला उठली. तिने सांगितलं, की उजवं इंजिन उघडलं तेव्हा आत एका रांगेत एकही पातं धड नव्हतं. डावं का टिकलं याचं कारण तिच्याकडे नाही. तेच उड्डाण पुन्हा केलं तर ते टिकेल असं ती सांगू शकत नाही. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "पण टिकलं, हे खरं ना?"

"हो," हेमांगी म्हणाली आणि खाली बसली. सभागृहात बसलेल्या सिरोंच्याच्या लोकांकडे पाहायचं तिने टाळलं.

शेवटी कृत्तिकाला बोलावलं. निळ्या गणवेशात ती फारच लहान दिसत होती. अध्यक्षांनी तिचं कौतुक केलं, चार तांत्रिक प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, "कॅप्टन, मुद्द्याचं विचारते. उद्या असाच रुग्ण असेल, असंच आकाश असेल, तर तुम्ही हे विमान पुन्हा न्याल का?"

"नेईन," कृत्तिका लगेच म्हणाली.

मागच्या रांगांतून टाळ्या वाजल्या. संझगिरीने खुर्चीत पाठ टेकली. हेमांगीने मान खाली घातली.

"म्हणूनच ती परवानगी काढून घ्या," कृत्तिका म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"मॅडम, मला डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी धोका समजून घेतला नाही. समजून घेतल्यासारखं केलं. पलीकडे एक बाई मरतेय असं कुणी सांगितल्यावर मर्जी कुठे उरते? मी हो म्हणणार. तनवीर हो म्हणणार. आमच्यातला कुणीही हो म्हणणार, आणि त्यातला कुणीतरी एक दिवस डॉक्टर, पेशंट, बाळ सगळ्यांना घेऊन शेतात पडणार. आम्हाला विचारूच नका. ज्यांच्या कानात तो फोन वाजत नाही, त्यांनी हे ठरवायचं असतं." तिने एकदा आईकडे पाहिलं. "माझ्या आईने ठरवलं होतं. मला ते फार आवडलं नव्हतं."

समितीने परवानगी रद्द केली. नवी पाती पावसाळ्याच्या तोंडावर येणार होती. संझगिरीने कारखान्यात तीन पाळ्या लावल्या, तेवढं मात्र त्याने मनापासून केलं. नव्या पारव्यांसाठी हेमांगीने एक नियम घातला. प्रत्येक उड्डाणाआधी जमिनीवरच प्लाझ्मा बंद करून इंजिन पूर्ण जोरात चालवायचं. ठसका लागायचा असेल तर तो तिथेच लागू द्यायचा.

कृत्तिका त्या महिन्यांत सिरोंच्याला जाऊन राहिली. डॉ. मडावींच्या रुग्णवाहिकेत ती सोबत जात असे, सलाइनची बाटली धरायला, रुग्णाशी बोलत राहायला. बहुतेक जण पोचत. एप्रिलमध्ये एक पोचला नाही आणि त्या दिवशी पुण्याला हेमांगीचा फोन वाजला.

"आई," कृत्तिका म्हणाली. "आत्ता एक आजोबा गेले. हृदयाचा झटका होता. विमान असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. रस्त्यावरून ट्रक गेल्याचा आवाज आला, कुणीतरी बाई हुंदके देत होती.

"मी तुला दोष द्यायला फोन केला नाही," कृत्तिका म्हणाली. "एवढंच, की हे तुला कळायला हवं असं वाटलं."

"कळव," हेमांगी म्हणाली. "दर वेळी कळव." मग थोडं थांबून तिने विचारलं, "नाव काय त्यांचं?"